माझ्या दुकानापुढचा जाड रस्ता

नगर परिषदेने मला फसवलं. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून काही जणांना वाटेल की या माणसाला फसवायला दुसऱ्या कुणाची गरजच नव्हती. माझ्या बायकोला तसंच वाटतं. समोरच्या टेलर मास्टरलाही तसंच वाटतं. पण त्या दोघांना व्यवहार कळत नाही. मला कळतो. निदान रस्ता होईपर्यंत तरी मला तशी खात्री होती.

माझं गाद्यांचं दुकान आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बाजाराच्या रस्त्यावर. गाव फार मोठं नाही, पण नगर परिषद आहे म्हणून स्वतःला शहर म्हणवून घेतं. नगर परिषदेच्या इमारतीपुढे कारंजं आहे. नळाला उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे त्या कारंज्यात पाणी सोडायचं धाडस अजून कुणी केलेलं नाही. त्यात हल्ली कुत्री झोपतात.

मी इथवर कुणाच्या मेहेरबानीने आलो नाही. खामगावच्या एका जिनिंगमधून उरलीसुरली रुई उचलायची, घरी उशा भरायच्या, गठ्ठा बांधून एसटीच्या टपावर टाकायचा आणि ज्या गावचा बाजार असेल तिथे उतरायचं, अशी माझी सुरुवात. बाजारात जागा मिळवायलाही भांडावं लागायचं. भांडून जागा मिळवली, भांडून रुई मिळवली, पुढे भांडूनच हे दुकान मिळवलं. लोक म्हणतात, हा माणूस लवकर चिडतो. मी चिडत नाही. मी भाव सांगतो, तो ऐकणाऱ्याला चिडल्यासारखा वाटतो. माझ्या सासऱ्यांनाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं, आणि मी तेव्हा फक्त जेवणाला नाही म्हणत होतो.

गादीच्या धंद्यात सगळा खेळ जाडीचा. नवी गादी फुगलेली असते. गिऱ्हाईक मूठ दाबून पाहतं, तेवढ्यात आपण त्याला गावाकडची ख्यालीखुशाली विचारायची, म्हणजे मूठ फार खोल जात नाही. उलट मला दुसऱ्याने भरलेला माल विकत घ्यायचा असला, तर गादी शिवायची लांब सुई सोबत नेतो. सुई खुपसायची, वर जिथे कापड लागतं तिथे अंगठा धरायचा, आणि अंगठ्यासकट सुई बाहेर काढायची. जेवढी सुई, तेवढी जाडी. मग समोरच्याने कितीही शपथा घेतल्या तरी उपयोग नाही. या सुईने मी मलकापूरच्या व्यापाऱ्यांनाही घाम फोडला आहे. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढे ती सुई मी कुठे खुपसली ते समजावं म्हणून सांगतो.

आमच्या रस्त्यावर पूर्वी डांबर होतं, म्हणजे डांबराच्या आठवणी होत्या. माझ्या दुकानाचा ओटा त्या रस्त्यापेक्षा वीतभर उंच. गिऱ्हाईक एक पायरी चढून आत यायचं. मग बातमी आली की सिमेंटचा रस्ता मंजूर झाला.

त्या काळात नगर परिषदेत निवडून आलेलं कुणी नव्हतं. नगरसेवकांची मुदत केव्हाच संपली होती, निवडणुका होत नव्हत्या, आणि प्रशासक म्हणून मुख्याधिकारी साहेब कारभार पाहत होते. आमच्या वॉर्डाचे माजी नगरसेवक मात्र माजी झाल्यासारखे कधी वागले नाहीत. पांढरे कपडे तेच, मोबाईलवर मोठ्याने बोलणं तेच. वयाने माझ्यापेक्षा लहान, म्हणून मला काका म्हणायचे. रस्त्याचं भूमिपूजन झालं तेव्हा नारळ साहेबांनी फोडला आणि फोटो यांनी काढून घेतला.

काम सुरू झालं. जुना रस्ता खोदून काढतील असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. होता तसाच जुना रस्ता ठेवला, त्यावर थोडा मुरूम पसरला, आणि वरून काँक्रीट ओतत निघाले. माझ्या बायकोने हे सगळ्यात आधी पाहिलं. ती दुकानात गल्ल्यावर बसते आणि तिचं लक्ष नको तिथेही असतं.

"अहो, रस्ता वर चढून राह्यला," ती म्हणाली.

"रस्ताच तो. चढन नाही तर काय बसन?"

"मंग आपण खाली जाऊ ना."

"तू उंची पाहू नको," मी म्हणालो. "जाडी पाह्य. खरा माल जाडीत कळते."

हे वाक्य तिने अजून सोडलेलं नाही. भाकरी जाड झाली की ती मला ऐकवते.

ठेकेदार माझ्या दुकानापाशी पोहोचला तेव्हा मी सुई घेऊनच बाहेर पडलो. ओल्या काँक्रीटमध्ये खुपसली. खडी लागली तर बाजूला खुपसली. अंगठा धरला, सुई काढली, पाहिली, आणि माझा भाव सुरू झाला.

"काहो मालक, रस्ता टाकून राह्यले का पापड?"

ठेकेदार जाडजूड, शांत माणूस होता. तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा. तो थुंकून आला आणि म्हणाला, "शेठ, एस्टिमेटमध्ये सहा इंच आहे. सहा भरते. मोजा."

"मोजलं ना आताच. पाच भरते."

"सुईनं? शेठ, हे गादी नाही, रोड आहे."

"जाडी ते जाडी. मले शिकवू नका. माह्यी जिंदगी जाडीत गेली."

समोर टेलर मास्टर मशीन थांबवून बघत होते. आमचं वीस-पंचवीस वर्षांचं शेजारपण. त्यांची दाढी पांढरी झाली तरी जिभेला धार तीच. ते तिथूनच म्हणाले, "सेठ, सुई हात में है तो दो टाके भी मार दो रोड को. फिर नहीं उखडेगा."

लोक हसले. लोक हसले की माझा आवाज आपोआप चढतो. मी दहा इंच मागितले. सात हवे असतील तर दहा मागायचे, एवढं मला कळतं. ठेकेदार म्हणाला, विमान उतरवायचं आहे का तुमच्या दारात? मी म्हणालो, उतरवीन नाही तर बैल बांधीन, माझा रस्ता आहे. तो म्हणाला, तुमचा नाही, शासनाचा आहे. आणि या वाक्यावर मी रागाने एक पाऊल पुढे टाकलं, ते थेट ओल्या काँक्रीटमध्ये. चप्पल रुतली. पाय निघाला, चप्पल राहिली. एका पायात चप्पल आणि हातात सुई अशा अवस्थेत मी नगर परिषदेच्या कारभारावर बोलत राहिलो. चप्पल नंतर मजुराने थापीने काढून दिली, पण तिचा ठसा त्या रस्त्यात आहे. पुढे वरून आणखी माल पडला, तरी कडेचा तो ठसा सुटला. आजही आहे. माझ्या पायाचा आकार या गावातल्या लहान मुलांनाही माहीत आहे.

शेवटी ठेकेदार बाजूला गेला. त्याने मागच्या गल्लीकडे एकदा पाहिलं. त्या गल्लीतही हाच रस्ता पुढे वळून जाणार होता. मग मिक्सरवाल्याशी काही बोलला आणि परत आला.

"ऐका शेठ. तुमच्या दुकानापुढं चार इंच जास्त टाकतो. दहा होईन. पन एक अट. बाकीच्या रोडवर तुम्ही तोंड उघडायचं नाही."

"मंजूर," मी म्हणालो.

इतक्या लवकर मी आयुष्यात कशालाही मंजूर म्हटलेलं नाही. जी अट पाळायला आपल्याला काही पडत नाही, ती फुकटची अट. बाकीच्या रस्त्याशी माझा काय संबंध? मागितले तितके मिळाले, आणि वर मला काही द्यावं लागलं नाही. मागितलेला आकडा पूर्ण मिळाला की माल तपासायचा असतो, हे मी माझ्या कामगारांना नेहमी सांगतो. त्या दिवशी मला सांगायला कुणी नव्हतं. होती, पण तिला मी जाडी पाहायला सांगितलं होतं.

माजी नगरसेवक आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला आणि वॉर्डाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, आपल्या वॉर्डातील जागरूक नागरिक. मी सगळ्यांना चहा सांगितला. ठेकेदारालाही पाजला. त्याने दोन कप घेतले.

काँक्रीट सुकलं, वर बारदान टाकून पाणी मारलं गेलं, आणि मग एके सकाळी बारदानं उचलली. मी शटर वर केलं, बाहेर पाऊल टाकलं, आणि ते पाऊल वर पडलं. माझा ओटा गेला होता. म्हणजे होता तिथेच होता, पण आता रस्त्यावरून एक पायरी उतरून दुकानात यावं लागत होतं. समोर मास्टरचं दुकान पाहिलं. त्यांचाही ओटा माझ्याइतकाच उंच होता. त्यांच्याकडे ठरल्याप्रमाणे टाकलं, आणि त्यांची फरशी आणि रस्ता आता अगदी एका रेषेत. मी गप्प बसलो असतो तर मीही बरोबरीत सुटलो असतो. भांडून मी चार इंच कमावले होते, आणि ते सगळे माझ्या डोक्यावर होते.

शिवाय सगळा रस्ता एका उंचीचा आणि माझ्या दुकानापुढेच तेवढा चढ. रिक्षावाले तिथे आले की मागे बघून सांगू लागले, "धरून बसा, गादीवाला आला." एका म्हाताऱ्या बाईने एसटी स्टँडवर रिक्षा ठरवताना मला ऐकू येईल असं विचारलं, "गादीच्या चढावरून नेशीन का अलीकडं उतरवशीन?" मी तिच्या शेजारीच उभा होतो. रिक्षावाल्याने मला पाहिलं आणि शहाणपणाने फक्त भाडं सांगितलं.

हे सगळं मी सहन केलं असतं. रस्ता सुकला होता, मीही सुकलो असतो. पण नळ आले.

आमच्या गावात नळ येणं म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आठ-दहा दिवस वाट पाहून पाणी येतं, तेव्हा आधी टाक्या भरतात, मग बादल्या, मग पातेली. आणि सगळं भरून झालं की लोकांच्या हातात पाइप उरतो. तो बंद करवत नाही. इतक्या दिवसांनी आलेलं पाणी कसं बंद करणार? मग अंगण धुतात, मोटारसायकल धुतात, भिंत धुतात. हे पाणी पूर्वी डांबराच्या खड्ड्यांत जिरायचं. आता सिमेंटवरून सरळ धावत आलं, माझ्या चढाला अडलं, डावीकडे वळलं आणि चढाच्या कडेने दुकानात शिरलं. रस्त्याच्या कडेने नाली व्हायची होती, पण ती वेगळ्या निधीतून होती. तो निधी अजून आलेला नव्हता.

ज्या गावात प्यायच्या पाण्यासाठी लोक भांडतात, तिथे ऐन उन्हाळ्यात माझ्या दुकानात पूर आला. मी तेव्हा घरी जेवायला गेलो होतो. परत आलो तेव्हा बायको साडी खोचून खराट्याने पाणी बाहेर ढकलत होती, आणि पाणी चढ चढायला तयार नव्हतं.

गादी किती पाणी पिते हे धंद्यात असूनही मला माहीत नव्हतं. खालच्या थराच्या गाद्या दोन माणसांना उचलेनात. त्यांत मागच्या गल्लीतल्या एका बाईची ऑर्डर होती. लेकीच्या लग्नात द्यायच्या दोन गाद्या, चार उशा, दोन लोड. ती बाई शाळेत पोषण आहार शिजवायची. नवरा नव्हता. तिने माझ्याकडे गादी घ्यायला यायचं आणि मी भाव सांगायचा, असे आमचे तीन दिवस गेले होते. माझ्यासमोर तीन दिवस टिकलेलं गिऱ्हाईक मी तोवर पाहिलं नव्हतं. तिने मुठीने नाही, गुडघा टेकवून गादी दाबली होती, आणि मी विचारलेल्या एकाही ख्यालीखुशालीचं उत्तर दिलं नव्हतं.

ती दुसऱ्या दिवशी आली. गाद्या रस्त्यावर उन्हात पसरल्या होत्या, माझ्याच चढावर. त्या कामाला तो चढ चांगला होता.

"भाऊ, ह्या माह्या का?"

"सुकतीन," मी म्हणालो. "चार दिवसात टनटनीत."

तिने नाक जवळ नेलं. "वास येते."

"उन्हानं जाईन. पाह्यजे तर भाव कमी करतो."

"मले भाव कमी नाही करायचा. मले कोरडी गादी पाह्यजे. पोरीच्या सासरी वास मारनारी गादी पाठवू का?"

मी चिडलो. म्हणजे भाव सांगू लागलो. मी म्हणालो, ही माझी चूक नाही, ही नगर परिषदेची चूक आहे, रस्ता उंच केला, नाली केली नाही, जा आणि त्यांना विचार. ती माझं सगळं ऐकत उभी राहिली. मग रस्त्याकडे पाहिलं, माझ्या चपलेच्या ठशाकडे पाहिलं, आणि म्हणाली,

"तुमच्याइथं जाड टाकला म्हनतात."

"टाकून घेतला. भांडून."

"आमच्या गल्लीत पापड टाकला. आताच कडा तुटून राह्यल्या. पोरं पायानं उकरतात." ती हे शांतपणे म्हणाली. "आमी ठेकेदाराले विचारलं, एवढा पातळ काऊन? तो म्हने, तिकडं एका शेठले जास्त द्या लागला, माल संपला."

मला त्या क्षणी जे वाटलं तो पश्चात्ताप होता असं मी म्हणणार नाही. तो नंतर थोडासा झाला, झोपताना. त्या क्षणी मला प्रचंड अपमान वाटला. मी उठलो आणि ठेकेदार कुठे आहे ते शोधत निघालो.

तो आठवडी बाजाराच्या जागेवर शौचालयाचं काम करत होता. मला पाहून त्याने खुर्ची मागवली. मी बसलो नाही.

"तू त्या गल्लीतून काढून माझ्या दारात टाकलंस?"

"मंग कुठून टाकनार, शेठ?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "माल तेवढाच येते. तुमच्याकडं जास्त गेला तं कुठी तरी कमी होईनच ना. तुमी ओरडले. ते नाही ओरडले."

"माझ्याशी सौदा केला होतास!"

"सौदा कायचा?" तो हसला. "माह्यं काय गेलं त्याच्यात? तुमच्यानं माह्या कामात वेळ जाऊन राह्यला होता. तुमाले गप केलं."

आता हे ज्याने कधी बाजारात बसून धंदा केलेला नाही त्याला कळणार नाही. मी आयुष्यभर सौदे केले ते समोरच्याच्या खिशातून काढून घेण्यासाठी. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसायचं. त्या दुखण्यावरूनच कळायचं की आपण जिंकलो. ठेकेदाराचा चेहरा दुखला नव्हता, आणि मला ते दिसलं नव्हतं. दुसऱ्याच्या वाटणीचं त्याने मला दिलं, आणि मी त्याला चहा पाजला. दोन कप.

तिथून मी तडक नगर परिषदेत गेलो. बांधकामाचे अभियंता साहेब तरुण होते, बाहेरच्या जिल्ह्यातले, बोलायला अगदी गोड. मी म्हणालो, माझ्या दुकानापुढचं जास्तीचं काँक्रीट काढा आणि मागच्या गल्लीत पुन्हा टाका.

"जास्तीचं?" ते म्हणाले. "आमच्या मोजमापाप्रमाणे सगळीकडे सारखीच जाडी आहे. जे नाहीच, ते काढणार कसं?"

"साहेब, डोळ्यांनी दिसते. येऊन पाहा. माझ्या चपलेचा ठसा आहे त्यात."

"ठसा तुमचा आहे?" त्यांनी पेन उचललं. "म्हणजे ओल्या कामावर तुम्ही पाय दिलात. शासकीय कामाचं नुकसान झालं हे."

मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे. त्या दिवसापर्यंत कुणाच्या टेबलासमोरून मी असा गुपचूप उठलो नव्हतो. जाताना दरवाजा हळू लावला, तोही आवाज नको म्हणून. बाहेर कारंज्यातलं कुत्रं माझ्याकडे पाहत होतं.

बाईसाठी मी नव्या गाद्या भरून दिल्या. नवी रुई, नवी खोळ. ती न्यायला आली तेव्हा तिने पुन्हा गुडघा टेकवून पाहिलं. माझी बायको म्हणते, आता दुकानाची फरशी उंच करून घेऊ. गवंडी येऊन मापं घेऊन गेला. फरशी रस्त्याच्या वर नेली तर शटरखाली माझं डोकं लागतं. म्हणजे रोज सकाळी माझ्याच दुकानात मी मान वाकवून शिरायचं. बायको म्हणते, बरं होईल. मी नाही म्हणतो. फरशी उंच केली की नगर परिषद सुटली. आणि नाही केली तर पुढच्या नळाला उरलेल्या गाद्या जातात. गवंडी अजून थांबला आहे, आणि दर नळाला आम्ही खालच्या गाद्या वर रचत आहोत. आता आमच्या गाद्या पंख्याला लागल्या आहेत.

मग एकदाच्या निवडणुका झाल्या. आमचे माजी नगरसेवक आजी झाले. दुसऱ्या दिवशी ते गल्लीबोळांतून आभार मानत फिरले. गळ्यात हार, कपाळाला गुलाल, कपडे बगळ्यासारखे. मागे पोरं, फटाके. उघडी जीप माझ्या चढावर आली तशी उडाली आणि त्यांचा एक हार रस्त्यावर पडला. तो उचलायच्या निमित्ताने ते उतरले आणि पायरी खाली उतरून दुकानात आले.

"काका, तुमचे आशीर्वाद आहेत म्हणून."

"बसा," मी म्हणालो.

बसायला दुकानात गाद्याच. मी त्यांना दारातल्या गादीवर बसवलं. ती आदल्या नळाची होती. वरून कोरडी दिसायची, पण वजन पडलं की आतलं पाणी वर यायचं. हे मला माहीत होतं. योगायोगाने झालं असं मी म्हणणार नाही. माझी बायको गल्ल्यावरून पाहत होती आणि तिने मला थांबवलं नाही, हेही लिहून ठेवतो. पोषण आहारवाली बाई तिच्यापाशी उभी होती. लेकीच्या घरी आणखी एक उशी पाठवायची होती, त्यावर दोघींचा भाव चालला होता.

नगरसेवक बसले. क्षणभराने त्यांचा चेहरा बदलला. पण दारात पोरं उभी, मोबाईल वर धरलेले, आणि पांढरी पँट. उठायचं कसं? ते बसून राहिले.

मी रस्त्याचं सगळं सांगितलं. पहिल्यांदाच न ओरडता सांगितलं, कारण ते कुठे जाणार नव्हते. ते मान डोलावत होते आणि थोडे थोडे पुढे सरकत होते. तिथेही ओलंच होतं.

"काका, तुमचं काम करून टाकतो," ते घाईने म्हणाले. "पहिल्याच सभेत. तुमच्या दुकानापुढं नाली घेऊ. वरून लोखंडी जाळी बसवू. पानी आत येनारच नाही."

"जाळी किती जाड?" मी विचारलं.

शपथेवर सांगतो, हे मी ठरवून विचारलं नाही. तोंडातून निघून गेलं. बायकोने गल्ल्यावर पेन आपटलं. मास्टर समोरून दारात आले होते, ते हळूच म्हणाले, "सेठ, सुई लाऊं क्या?"

आणि बाईने विचारलं, "नाली फक्त ह्यायच्याच दुकानापुढं? मंग आमची गल्ली?"

"त्याचा वेगळा प्रस्ताव करू, ताई. निधी पाहू."

माझ्या समोर माल ठेवला होता. न भांडता मिळत होता. माझ्या सगळ्या आयुष्यात मी अशा वेळी एकच प्रश्न विचारत आलो, की आणखी किती मिळेल. त्या दिवशी दुसराच निघाला.

"नगरसेवक साहेब, ही नाली कोणाच्या वाटणीची आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुठून काढून माझ्या दारात आणता? ह्या बाईच्या गल्लीतून का दुसऱ्या कोणाच्या?"

मी उदार झालो असं कुणी समजू नये. मला दुसऱ्यांदा तोच माल विकू पाहत होते, आणि मला एकाच मालात दोनदा फसवून घ्यायचं नव्हतं. नगरसेवक म्हणाले, काका, तुम्ही फार खोलात जाता. मी म्हणालो, मी खोलातच बसलोय, तुम्ही केलेल्या. मग ते उठले. मागून फार मोठा ओला डाग होता, थेट गादीच्या खोळीवरच्या रंगीत पट्ट्यांसकट. पोरांनी मोबाईल वर केले. त्यांनी सदरा खाली ओढला, रस्ता चढून वर गेले, जीपमध्ये बसले नाहीत, उभेच राहिले, आणि मिरवणूक पुढे गेली. मागच्या गल्लीत जीप गेली नाही. तिथल्या कडा तुटल्या आहेत.

गवंडी उद्या पुन्हा विचारायला येणार आहे. त्याला काय सांगायचं ते मी ठरवलेलं नाही. पण नगर परिषदेला काय विचारायचं ते ठरवलं आहे, आणि येत्या सर्वसाधारण सभेत मागच्या बाकावर बसून विचारणार आहे. बाईही येते म्हणाली. जुना रस्ता न खोदता त्यावर नवा चढवा, असं कुणी ठरवलं? त्या गल्लीतलं काँक्रीट कुणाच्या परवानगीने माझ्या दारात आलं? सुई माझी होती, आवाज माझा होता, ठसाही माझा आहे, तेवढ्याचं उत्तर मी देतो. बाकीचं तुमच्यापैकी एकाने द्यावं. समिती नको, चौकशी नको, वेगळा निधी नको. एका माणसाने आपलं नाव सांगून, उभं राहून उत्तर द्यावं. सभेत नसेल द्यायचं तर माझ्या दुकानात येऊन द्यावं, पण उभंच राहावं लागेल. माझ्या गाद्या अजून ओल्या आहेत.